पिकअपच्या केबिनमधली मॅट कशी निवडावी, कशी बसवावी? (पावसाळ्यापूर्वीचा सल्ला)



आजचा मेसेज वाटाण्याच्या बियाण्याचा नाही, कांद्याच्या रोपवाटिकेचाही नाही. आपल्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली जी मॅट असते, तिच्याबद्दल आहे. मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने वाचा. घरात गाडी मुलगा, भाऊ किंवा ड्रायव्हर चालवत असेल तर त्यांनाही पुढे पाठवा.

मॅटचा आणि शेतीसल्ल्याचा काय संबंध, असं काही जण म्हणतील. संबंध आहे. आपल्या सभासदांचा बराचसा माल पिकअपनेच हलतो. वाटाणा, कांदा, टोमॅटो, दूध, खत, औषधं, मजूर, सगळं त्याच गाडीत. संकलन केंद्रावर माल उतरत असताना मी केबिनमध्ये नजर टाकते. पायाखाली कधी बारदान दिसतं, कधी युरियाची रिकामी गोणी, कधी घरातल्या जुन्या कार्पेटचा तुकडा, कधी दुसऱ्याच गाडीची मॅट. सीटखाली औषधाची अर्धी बाटली, तिच्याशेजारी पाण्याची बाटली. हे एका-दोघांचं नाही, बऱ्याच जणांचं आहे. म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे.

मॅट गाडी सजवण्यासाठी असते असं आपण धरून चालतो. आपल्या कामाच्या गाडीत तिची कामं दोन. एक, पाय घसरू न देणं आणि क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर या तिन्हींच्या आड न येणं. दोन, चिखल, पाणी, खत, औषध असं जे काही पायाबरोबर आत येतं ते एका जागी धरून ठेवणं, म्हणजे ते उचलून बाहेर टाकता येतं. यातलं पहिलं काम चुकलं तर जीवावर बेततं. म्हणून मॅट घेताना आधी पेडल बघायचं, मग बाकी सगळं.

*१) मॅटमुळे काय होऊ शकतं*

मॅटमुळे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरची अडचण दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार: मॅट पुढे सरकते आणि तिची वळकटी पेडलच्या मागे, म्हणजे पेडल आणि फ्लोअरच्या मध्ये जाते. मग ब्रेक किंवा क्लच पूर्ण खाली जात नाही. आपण जोर लावतो, पण पेडल मॅटवर टेकलेलं असतं.

दुसरा प्रकार: जाड, ताठ मॅटची कड अ‍ॅक्सिलरेटरच्या टोकाला वरून पकडते. ओव्हरटेक करताना पेडल पूर्ण दाबलं जातं आणि तिथेच अडकतं. पाय उचलला तरी गाडीचा वेग कमी होत नाही.

हे उगीच घाबरवायला सांगत नाही. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन दिएगोजवळ, लेक्सस ईएस ३५० गाडीचा अपघात झाला. गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. तिच्यात सर्व हवामानात चालणारी रबरी मॅट टाकलेली होती, पण ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची होती आणि हुकात अडकवलेली नव्हती. अ‍ॅक्सिलरेटर त्या मॅटमध्ये अडकला. महामार्गावर गाडीचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला आणि एका कुटुंबातली चार माणसं गेली. गाडी चालवणारा नवशिका नव्हता, तो तिथल्या महामार्ग पोलीस दलातला अधिकारी होता. त्यानंतर सप्टेंबर २००९ मध्ये टोयोटा कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सांगितलं, ड्रायव्हरच्या बाजूची मॅट आधी काढून टाका. पुढे अनेक गाड्यांचे अ‍ॅक्सिलरेटर पेडल कापून आखूड करून द्यावे लागले.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी: मॅट खराब नव्हती, महागडी होती, चांगल्या कंपनीची होती. ती त्या गाडीची नव्हती आणि बांधलेली नव्हती, एवढंच. आपल्याकडे तर मॅटच्या जागी गोणी असते.

आता आपला रस्ता आठवा. रात्री माल भरून सुप्यातून निघायचं, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत पहाटेच्या आत गुलटेकडीला पोहोचायचं. मागे दीड टन माल, पुढे एमआयडीसीचे कंटेनर, पावसाने ओला रस्ता, ओली चप्पल, आणि डोळ्यावर झोप. अशा वेळी समोरच्याने करकचून ब्रेक मारला तर आपलाही ब्रेक पूर्ण खाली गेलाच पाहिजे.

*२) आजच करायची तपासणी (दोन मिनिटं)*

नवी मॅट घ्या किंवा नका घेऊ, ही तपासणी आज संध्याकाळपर्यंत कराच. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा.

अ) तुमच्या नेहमीच्या जागी सीट ठेवून बसा. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर एकेक करून पूर्ण खाली दाबा. कुठेही मॅटला टेकतंय का बघा. सोडल्यावर प्रत्येक पेडल झटकन वर आलं पाहिजे.

आ) आता खाली उतरा आणि मॅट हाताने पुढच्या बाजूला, इंजिनकडे, जोरात ढकला. सरकली का? सरकली तर ती रस्त्यातही सरकणार. प्रत्येक वेळी ब्रेक मारताना टाचेचा जोर तिला पुढेच लोटत असतो.

इ) मॅट तशी पुढे सरकलेली असतानाच पुन्हा तिन्ही पेडल हाताने दाबून बघा. अडकत असेल तर ती मॅट आत्ताच काढा. मॅट नसलेली गाडी चालेल, अडकणारी मॅट चालणार नाही.

ई) मॅटवर मॅट आहे का? खाली जुनी आणि वर नवी, किंवा रबरावर बारदान? वरचं सगळं काढा. एकावर एक टाकलेल्या दोन मॅटपैकी वरची कधीच जागेवर राहत नाही.

उ) सीटखाली हात घाला. बाटली, पान्हा, टॉर्च, कांदा, जे असेल ते बाहेर काढा. उतारावर ब्रेक मारला की सीटखालची बाटली गडगडत पुढे येते आणि नेमकी ब्रेकखाली जाते. पाण्याची बाटली दाराच्या खणात ठेवा.

*३) आपल्या गाडीचं फ्लोअर आधी ओळखा*

कारमध्ये फ्लोअरवर कार्पेट असतं. पिकअप, छोटा हत्ती, दोस्त अशा मालवाहू गाड्यांत बहुतेक वेळा कंपनीतूनच रबरासारखं किंवा रेक्झिनसारखं गुळगुळीत फ्लोअरिंग येतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि दुकानदार तो सहसा सांगत नाही.

कारसाठी बनवलेल्या मॅटच्या खालच्या बाजूला बारीक काटे असतात. ते कार्पेटमध्ये रुततात, म्हणून मॅट जागेवर राहते. तीच मॅट गुळगुळीत फ्लोअरवर टाकली तर काट्यांना रुतायला काही नसतं. त्यात खाली थोडं पाणी गेलं की ती साबणावर ठेवल्यासारखी सरकते. म्हणजे कारवाल्या पाहुण्यांकडे चांगली टिकलेली मॅट आपल्या पिकअपमध्ये चांगली टिकेलच असं नाही.

तुमच्या गाडीचं मूळ फ्लोअरिंग शाबूत असेल, फाटलं नसेल, तर एक सोपा पर्याय आहे: ड्रायव्हरच्या बाजूला मॅट टाकूच नका. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. मूळ फ्लोअरिंग गाडीच्याच मापाचं असतं आणि सरकत नाही. मॅट घ्यायची ती फ्लोअरिंग झिजलं असेल, फाटलं असेल, किंवा पाणी-चिखल फार येत असेल तर. बाजूच्या सीटपुढे मॅट टाकायला हरकत नाही, तिथे पेडल नसतात.

*४) माप कसं घ्यायचं*

सगळ्या गाड्यांना बसणारी म्हणून जी मॅट मिळते ती कोणत्याच गाडीला नीट बसत नाही. आपल्या गाडीच्या मॉडेलचीच मॅट मागा. मॉडेल सांगताना नुसतं “पिकअप” म्हणू नका. कंपनी, मॉडेल आणि कोणत्या सालची गाडी, हे तिन्ही सांगा. एकाच नावाच्या गाडीची केबिन काही वर्षांनी बदललेली असते. सिंगल केबिन आणि डबल केबिन यांचा फरकही सांगा.

मॉडेलची मॅट मिळत नसेल आणि कापून घ्यायची असेल तर असं करा:

वर्तमानपत्राची दोन-तीन पानं चिकटवून मोठा कागद करा. फ्लोअरवर पसरा आणि कडेकडेने बोटाने दाबून घडी पाडा. पेडलच्या खालची जागा पेनाने खुणा करून दाखवा. अ‍ॅक्सिलरेटर दोन प्रकारचे असतात. काही गाड्यांत तो वरून लटकलेला असतो, काहींत खाली फ्लोअरवर बिजागरीने बसवलेला असतो. खालून बसवलेला असेल तर मॅटला तिथे खाच हवीच. बिजागरीवर मॅट चढता कामा नये.

कागद कापून पुन्हा गाडीत टाका, तिन्ही पेडल दाबून बघा, मगच तो कागद दुकानात न्या. तिथे घाईत ताणून-दाबून बसवण्यापेक्षा घरी अर्धा तास गेलेला बरा. मॅटची पुढची कड पेडलच्या पूर्ण दाबलेल्या जागेपर्यंत नेऊ नका, अलीकडेच थांबवा. पायाची टाच जिथे टेकते ती जागा मॅटवर आली की काम झालं.

*५) कोणत्या प्रकारची घ्यावी*

_रबरी मॅट:_ जड असते, त्यामुळे सहजी सरकत नाही. स्वस्त आहे, धुवायला सोपी, मजुरांच्या पायाखाली टिकते. तोटा असा की उन्हात वास येतो, काही वर्षांनी कडा तडकतात, आणि डिझेल किंवा ऑइल सांडलं तर रबर फुगतं. आपल्यासारख्या कामाच्या गाडीला खोल खाचांची जाड रबरी मॅट हा चांगला सौदा आहे.

_पीव्हीसी मॅट:_ दिसायला रबरासारखी, वजनाला हलकी. चांगलीही मिळते, पण स्वस्तातली ओली झाल्यावर निसरडी होते आणि थंडीत ताठ होऊन तिच्या कडा वर उचलतात. वर उचललेली कड म्हणजे पेडल अडकायची जागा.

_टीपीई मॅट:_ हा रबरासारखा लवचीक प्लास्टिकचा प्रकार. मॉडेलप्रमाणे साच्यात बनवतात, त्यामुळे काठ उंच आणि बसणी चोख असते. वास कमी. किंमत जास्त. वजन कमी असल्यामुळे तिला हुक असलेच पाहिजेत.

_शिवलेली गादीदार मॅट (५डी, ७डी म्हणतात ती):_ वरून रेक्झिन, आतून फोम. नवी असताना केबिन छान दिसते. पण शिलाईतून पाणी फोममध्ये जातं आणि आठ-आठ दिवस वाळत नाही. वास सुटतो, खालचा पत्रा गंजतो. चिखलाच्या आणि औषधाच्या गाडीत ही घेऊ नका. लग्नकार्याला जायची कार वेगळी असेल तर तिच्यात घाला.

_गवतासारखी किंवा शेवयांसारखी जाळीदार मॅट:_ धूळ-मुरूम खाली झिरपून जातो, त्यामुळे वरून स्वच्छ दिसते. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात चिखल आत गच्च बसतो. औषध सांडलं तर जाळीतून ते काढता येत नाही.

_बारदान, गोणी, पुठ्ठा, कार्पेटचा तुकडा:_ यातलं काहीही ड्रायव्हरच्या पायाखाली नको. बारदानाच्या सुतळीत चपलेचं टोक अडकतं. प्लास्टिकची गोणी ओल्या फ्लोअरवर घसरते. आणि खताच्या गोणीला उरलेलं खत हवेतला ओलावा ओढून घेतं, ते खारं पाणी पत्र्याला लागून गंज धरतो.

*६) काठ आणि खाचा*

मॅटला चारही बाजूंनी काठ असावा, म्हणजे पाणी फ्लोअरवर उतरत नाही. काठ किती? साधा हिशेब करा. ६० सेंटीमीटर लांब, ५० सेंटीमीटर रुंद मॅट आणि १ सेंटीमीटर काठ धरला तर ६० × ५० × १ = ३००० घनसेंटीमीटर, म्हणजे ३ लिटर पाणी मावतं. खाचांच्या उंचवट्यांमुळे प्रत्यक्षात थोडं कमी. आपल्या दोन पायांबरोबर येणाऱ्या चिखलपाण्याला तेवढं पुरतं. पेडलच्या बाजूला यापेक्षा उंच काठ नको, तोच पुढे पायात येतो. दाराच्या बाजूला आणि मधल्या बाजूला काठ उंच असला तर चांगलंच.

खाचा सरळ रेषेच्या असल्या तर झाडूने चिखल लगेच निघतो. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी पाणी चांगलं धरते, पण आपली काळी माती तिच्यात वाळली की ब्रशशिवाय सुटत नाही. टाचेच्या जागी जाड, खडबडीत पट्टा असेल तर तीच मॅट घ्या. सगळ्यात आधी झिजते ती जागा टाचेचीच. तिथे भोक पडलं की मॅट बदलायची, कारण टाच भोकात अडकते.

*७) बसवणं*

काही गाड्यांत फ्लोअरवर कंपनीचे हुक किंवा खुंट्या असतात. तुमच्या गाडीत असतील तर त्यात अडकणाऱ्या भोकांचीच मॅट घ्या. हुक नसतील तर सीटच्या पायाला मागच्या बाजूने पट्ट्याने बांधता येईल अशी मॅट निवडा. मागून बांधलेली मॅट पुढे जात नाही.

दुहेरी चिकटपट्टी आणि वेल्क्रोवर भरवसा ठेवू नका. धूळ आणि ओल लागली की दोन्ही सुटतात. स्क्रू मारायला फ्लोअरला भोक तर अजिबात पाडू नका. खालून वायरिंग जातं, ब्रेकची आणि डिझेलची नळी जाते, आणि भोकातून गंज सुरू होतो.

ड्रायव्हरची मॅट धुवायला काढली की परत टाकताना हुक अडकवायचा राहतो. गाडी धुणाऱ्या मुलाने टाकलेली मॅट स्वतः तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. डाव्या बाजूची मॅट उजव्या बाजूला, उलटी करून, असलं काही चालणार नाही.

*८) औषध आणि मॅट*

आता माझ्या विषयाकडे येते. फवारणी झाली की त्याच बुटांनी, त्याच कपड्यांनी आपण केबिनमध्ये चढतो. पायाचं औषध मॅटवर उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मॅटवर मुलं पाय ठेवून शाळेत जातात. त्यांच्या हातातला बिस्किटाचा पुडा खाली पडतो, ती उचलून खातात.

औषध फक्त तोंडावाटे शरीरात जातं असं नाही. कातडीतून आणि श्वासातूनही जातं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे प्राण गेले, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. बंद केबिनमध्ये, काचा लावून, उन्हात तापलेल्या मॅटमधून वास येत असेल तर त्याचा अर्थ औषध हवेत आहे.

बाटलीवर नावापुढे “ईसी” लिहिलेलं असतं. त्यात औषध विरघळवायला तेलासारखा द्रावक वापरलेला असतो. असं औषध रबरावर किंवा पीव्हीसीवर सांडलं तर ते नुसतं वर राहत नाही, आत मुरतं. धुतल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि ऊन लागलं की पुन्हा येतो. अशी मॅट वाचवायच्या भानगडीत पडू नका, बदलून टाका. मॅट पुन्हा विकत मिळते.

पण खरी गोष्ट ही की औषधाने केबिनमध्ये येऊच नये. कोणतीही मॅट त्याला उपाय नाही. एवढं करा:

• औषधाच्या बाटल्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, उभ्या ठेवून, मागे हौद्यात न्या. डबा दोरीने बांधा. एका फेरीत औषध आणि शेतमाल, पशुखाद्य, किराणा एकत्र नको. कीटकनाशक नियम १९७१ मध्येही अन्नपदार्थ आणि पशुखाद्याला औषधाचा स्पर्श होईल अशी वाहतूक करायला मनाई आहे.

• लेबलवरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला म्हणून केबिनमध्ये चालतं असं नाही.

• फवारणीचे बूट आणि कपडे एका पिशवीत घालून मागे टाका. केबिनमध्ये चढताना दुसरी चप्पल घाला. हात-पाय शेतावरच साबणाने धुवा.

*९) औषध सांडलंच तर*

गाडी थांबवा, दारं उघडी ठेवा, मुलांना आणि मजुरांना खाली उतरवा. हातमोजे घाला. आधी पाणी ओतू नका, पाण्याने ते पसरतं आणि मॅटखाली जातं. कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या. ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरा. मग मॅट काढून साबणाच्या पाण्याने धुवा. मॅटखालचं फ्लोअरही पुसा.

धुण्याची जागा नीट निवडा. विहीर, बोअर, शेततळं, ओढा, जनावरांची पाण्याची टाकी यांच्याजवळ नको. धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. गाडी धुवायच्या सेंटरवर असली मॅट देऊ नका, तिथला मुलगा उघड्या हाताने धुणार आहे.

कोणाला मळमळ, घाम, डोकेदुखी, अंधुक दिसणं, असं काही वाटलं तर थांबून बघू नका. औषधाची बाटली किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो बरोबर घेऊन दवाखान्यात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

*१०) रोजची आणि आठवड्याची निगा*

रोज: गाडीत चढताना पाय पायदानावर झटका. काळी माती चपलेला चिकटली असेल तर काडीने काढा. चिखलाच्या चपलेचा पाय ब्रेकवरून घसरतो, मॅट कितीही चांगली असो. पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर तेही बदला, ते सुटं मिळतं.

आठवड्यातून एकदा: मॅट काढा, झटका, धुवा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात रबर तडकतं. चकाकी येण्यासाठी मॅटला पॉलिश, सिलिकॉन किंवा तेल लावू नका. चमकते खरी, पण पाय घसरतो. दूध वाहणाऱ्यांनी हे दर दोन दिवसांनी करा. दुधातल्या स्निग्धांशाचा थर निसरडा असतो आणि आंबल्यावर वास जात नाही. साधं कोमट साबणपाणी पुरतं.

मॅट बाहेर असताना फ्लोअरला हात लावून बघा. ओल आहे का? मॅटवर पाणी नसूनही खाली ओल असेल तर पाणी दाराच्या रबरातून किंवा पुढच्या काचेच्या कडेतून येत असणार. काही गाड्यांच्या फ्लोअरला खालून रबरी बूच असतं, ते मेकॅनिककडून बघून घ्या. ओल तशीच राहिली तर पत्रा आतून गंजतो आणि कळतो तेव्हा वेल्डिंगचा खर्च आलेला असतो.

*११) चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर*

हा भाग ड्रायव्हरला वाचून दाखवा.

• वाकून हाताने मॅट ओढायला जाऊ नका. नजर रस्त्यावर.
• क्लच पूर्ण दाबा. आपल्या गाड्यांना क्लच आहे, ही आपली जमेची बाजू. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या.
• ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, त्याने ब्रेकची साठलेली मदत संपते आणि पेडल जड होतं.
• गिअर न्यूट्रलला टाका, इंडिकेटर लावा, गाडी कडेला घ्या.
• गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होतं.

मोकळ्या जागेत, इंजिन बंद असताना, हा क्रम दोन वेळा पायाने करून बघा. पायाला सवय असली तर वेळेवर आठवतं.

*१२) दुकानात विचारायचं ते*

१. ही माझ्या मॉडेलची आणि माझ्या सालची आहे का?
२. गुळगुळीत फ्लोअरवर न सरकता जागेवर राहते का? बसवून दाखवा.
३. हुक किंवा पट्टा आहे का?
४. पेडल दाबून बघू द्याल का? नाही बसली तर परत घ्याल का?
५. पाण्याने धुऊन एका रात्रीत वाळेल का?

पाचही उत्तरं “हो” आली तर घ्या. बसवून बघू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. ऑनलाइन मागवली तर पेडलची तपासणी होईपर्यंत खोकं फेकू नका. पैसे कमी असतील तर ड्रायव्हरच्या बाजूची एकच चांगली घ्या, बाकीच्यांचं नंतर बघू.

मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी हे उरकून घ्या. एकदा वाटाण्याची तोडणी सुरू झाली की कोणालाच सवड मिळत नाही, आणि नेमका तेव्हाच रस्ता ओला असतो.

ज्यांना माप घ्यायला अडचण वाटते त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा फोटो, दिवसाच्या उजेडात, तिन्ही पेडल दिसतील असा काढून या नंबरवर पाठवा. गाडीचं मॉडेल आणि साल लिहा. येत्या मंगळवारी आणि बुधवारी संकलन केंद्रावर माल घेऊन येणाऱ्या गाड्यांची पेडल-तपासणी आपण काट्यावरच करून देऊ. दोन मिनिटांचं काम आहे, खोळंबा होणार नाही. गाडीत गोणी असेल तर ती आमच्याकडेच ठेवून जा.

पुढचा मेसेज: वाटाण्याची बीजप्रक्रिया.

आपली,
कृषी तज्ज्ञ
शेतकरी उत्पादक कंपनी, सुपा (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर)